मुलीची तक्रार लंडनला, बापाची दुबईला

दुबईला डाळिंबं विकायला चाललोय, असं मी सांगोल्यात सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण डाळिंबं फोनवरही विकता येतात. मला माझ्या मुलीला गाठायचं होतं.

सायली लंडनला असते. रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. पडून हाडं मोडलेल्या म्हाताऱ्यांना परत चालायला शिकवते. उन्हाळ्यात तिथल्या पोलिसांनी तिला अटक केली, दिवसभर कोठडीत ठेवलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. मला हे कळलं दिवाळीत, आणि तेही तिच्याकडून नाही. माझी धाकटी बहीण मंगल दुबईला राहते. तिची मुलगी रेवा फराळाचा डबा मिळाल्याचं सांगायला व्हिडिओ कॉलवर आली आणि चकली खाता खाता म्हणाली, "मामा, व्हेन सायलीदीदी वॉज इन जेल, मम्मी क्राइड सो मच." मागून मंगलचा हात आला आणि स्क्रीन काळी झाली.

मी हातगाडीवर पेरू विकून सुरुवात केलेला माणूस आहे. आज माझा माल तीन देशांत जातो. तालुक्यात कोणाच्या बांधावर काय झालं हे मला दुपारपर्यंत कळतं. आणि माझ्याच मुलीला अटक होते, समुद्रापलीकडच्या तिसरीतल्या पोरीला ते ठाऊक असतं, मला नसतं. जानेवारीत सायली रजेवर आत्याकडे येणार असं कळलं, तसं मी तिकीट काढलं. भांडणाची तयारी विमानातच झाली होती.

अल मनखूल

मंगलचं घर अल मनखूलला आहे. उंच काचेची दुबई लोक फोटोत पाहतात, ती इथून लांब. इथल्या इमारती बेताच्या, अंगाला एसीची खोकी चिकटलेली, खाली किराणा, शिंपी, इस्त्रीवाला आणि केरळी हॉटेल. संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास येतो आणि तेलावरून ओळखता येतं की हे घर गुजरात्याचं, हे मल्याळ्याचं, हे आपलं. एक गोष्ट मात्र मला अखेरपर्यंत पटली नाही. लोक चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवतात आणि माणूस धावत चहा आणून देतो. आमच्याकडे असा हॉर्न वाजवला तर चहाच्या जागी दुसरंच काही अंगावर येईल. पण चहा फक्कड असतो. वेलची घालून आटवलेला, कागदी पेल्यातला.

सायली दारात आली. वाळली होती. मी ठरवलेलं पहिलं वाक्य विसरलो आणि "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

भांडण जेवणानंतर झालं. मंगलने पिठलं, तांदळाची भाकरी आणि खास माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली होती. तिचे यजमान जहाजाच्या कामावर बाहेर होते, त्यामुळे आवाज चढवायला मोकळीक होती.

प्रकरण असं होतं. सायलीच्या रुग्णालयातला म्हाताऱ्यांचा विभाग बंद होणार होता. एक मंत्री भेटीला येणार म्हणून पन्नासेक माणसं फलक घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली. पोलिसांनी समोरच्या फुटपाथवर जायला सांगितलं. तिथल्या कायद्यात पोलिसांना निदर्शनाची जागा ठरवून देता येते, आणि तो आदेश मोडला तर अटकही करता येते. पण तो आदेश गर्दीच्या दुसऱ्या टोकाला दिला गेला. सायली या टोकाला एका आजोबांच्या चाकाच्या खुर्चीपाशी होती. तिला तो ऐकूही आला नाही, ती तिथेच उभी राहिली आणि तिला अटक झाली. पुढे खटला झालाच नाही. तिने पोलिसांकडे तक्रार केली, त्यांचं उत्तर आलं: तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, परंतु त्या परिस्थितीत अटक योग्य होती. हे मान्य असेल तर प्रकरण इथेच मिटेल. नसेल तर सोमवारपर्यंत फेरतपासणी मागा.

"मग मागायची कशाला?" मी म्हणालो. "खेद म्हणतायत ना? मिटव. परक्या देशात पोलिसांशी वैर घेऊन राहणार आहेस?"

"वैर नाही बाबा. त्यांनी 'योग्य होती' म्हटलंय. ते कायमचं राहतं. उद्या मी तिथे कायम राहायचा अर्ज केला आणि कधी अटक झाली होती का विचारलं, तर काय सांगू? हो, झाली होती, आणि योग्य होती?"

"म्हणून तर म्हणतो, जास्त ताणू नकोस. व्हिसा त्यांच्या हातात."

मग तिने सांगितलं की तिच्या भागाच्या खासदाराने तिच्या वतीने पत्र लिहिलंय आणि संसदेत लेखी प्रश्नही विचारलाय. मला जरा बरं वाटलं. निदान माणूस तरी धरला होता पोरीने.

"कोणत्या पक्षाचा?"

"विरोधी."

"अगं मग त्याच्या हातात काय आहे? सत्तेतला धर."

"सत्तेतले उत्तर देणारे आहेत, बाबा. मला विचारणारा हवा होता."

"आणि त्याच्यापर्यंत पोचलीस कशी? कोणाची ओळख काढलीस?"

"पत्ता सांगितला."

"कोणाचा?"

"माझा."

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिकडे म्हणे खासदार शनिवारी वाचनालयात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसतो आणि त्याच्या भागातल्या कोणीही रांगेत बसून त्याला भेटावं. हार नाही, पेढे नाहीत, अमक्याने पाठवलंय असं सांगणं नाही. एवढंच बघतात की तुम्ही त्या भागात राहता का.

"पण तू तर तिथली नागरिकही नाहीस."

"मत मात्र देते मी. राष्ट्रकुलातल्या देशांची माणसं तिथे राहत असतील तर त्यांना मत देता येतं. भारतीय पासपोर्टवर दिलं मागच्या निवडणुकीत."

हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट मुलीकडून कळली की मला राग येतो. "आणि त्या प्रश्नाला मंत्री काय म्हणाला?"

"म्हणाला, हा पोलिसांच्या दैनंदिन कामाचा भाग आहे, त्यात सरकार ढवळाढवळ करत नाही."

"झालं! म्हणजे शून्य!"

"दादा, हळू," मंगल गॅलरीचं दार लावत म्हणाली. "इथे गव्हर्नमेंट, पोलीस असले टॉपिक मोठ्याने नाही काढायचे. कुठल्याच देशाचे. इथे आपण आपलं काम करायचं, घरी यायचं, खलास."

खरं सांगायचं तर एका दिवसातच मला ती पद्धतच आवडायला लागली होती. रस्ते लख्ख, कामं चोख, कोणी कोणाला अडवत नाही. मी तसं म्हणालोही. सायली भांडी उचलत म्हणाली, "तुम्ही पाहुणे आहात ना बाबा, म्हणून."

रस्त्याच्या मधोमध

दुसऱ्या दिवशी मी घोळ घातला. समोरच्या दुकानात काड्यांसकट खजूर टांगलेला दिसला, म्हणून ओलांडायची खूण लांब असताना मधूनच रस्ता ओलांडला. सायली मागून "बाबा, बाबा" ओरडत होती. पलीकडे पोचलो तर पोलीस उभा. तरुण, दाढी कोरलेली, इस्त्रीचा गणवेश. हिंदीत म्हणाला, "बाबा, इधर से नहीं. चारसौ दिरहम."

चारशे दिरहम म्हणजे नऊ हजारांच्या वर रुपये! आकडा ऐकला की माझं तोंड आपोआप उघडतं. मी म्हणालो, "साहेब, दोसौ में खतम करो."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "क्या बोला?"

त्याने हात पुढे केला, मी गळ्यातल्या पिशवीतून पासपोर्ट काढून दिला. तो दोन पावलं बाजूला जाऊन कोणाशी तरी अरबीत बोलू लागला. मी काही बोलायला गेलो तर तळहात दाखवून म्हणाला, "खडे रहो." मी खडा राहिलो. माझा पासपोर्ट माझ्या हातात नव्हता, माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. रागाला कुठे जागाच नव्हती.

तेवढ्यात सायली खुणेवरून नीट ओलांडून आली. त्याच्यापासून थोडी दूर थांबली आणि शांतपणे इंग्रजीत बोलली. हे माझे वडील. व्यापारी आहेत, सगळ्यांशीच घासाघीस करतात. तुम्हाला काही देऊ करत नव्हते. दंड कमी होतो असं त्यांना वाटलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग हसला. "बाबा, ये सब्जी मंडी नहीं है." दंड पूर्ण लावला, पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला. तो वागला ते बरोबरच वागला. चूक माझी होती.

जवळच काचेचा बसथांबा होता. मी तिथे जाऊन बसलो. सायलीने पाण्याची बाटली दिली आणि बाटली हातात घेताना मी पहिल्यांदा तिला विचारलं, "तुला कसं वाटलं होतं गं?"

तोपर्यंत मी तिला काय चुकलं, काय करायला हवं होतं, एवढंच सांगत होतो.

ती म्हणाली, "सगळं नीट होतं, बाबा. बुटाच्या नाड्या काढून घेतल्या, केसांची क्लिप काढून घेतली. हक्क वाचून दाखवले. वकील फुकट मिळेल म्हणाले. शाकाहारी आहेस का विचारलं, चहा दिला. थोड्या थोड्या वेळाने दाराच्या फटीतून बघून जात होते. कोणी आवाज चढवला नाही. इतक्या नीटपणे चूक करत होते की मलाच वाटायला लागलं, मीच काहीतरी केलं असणार."

एक बस आली, दार उघडलं, आम्ही उठलो नाही, बस गेली.

"तिथे एक हक्क असतो," ती पुढे म्हणाली. "तू इथे आहेस हे कोणा एकाला कळवतात. विचारलं, कोणाला कळवू?"

हाच तो काटा होता. "आणि तू मंगलचं नाव दिलंस."

"हो."

"मी मेलो होतो का?"

"तुम्ही काय केलं असतं सांगा."

"काय म्हणजे? आमदारांना फोन लावला असता. त्यांनी दिल्लीला लावला असता. वकिलातीतून माणूस आला असता. तासाभरात बाहेर काढलं असतं तुला!"

"तेच. मग मी ओळखीने सुटलेली मुलगी झाले असते. चूक कोणाची होती हे कोणी विचारलंच नसतं." ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "आणि त्या वेळी मला नुसतं ऐकणारं कोणीतरी हवं होतं. आत्या फोनवर रडली, आणि थांबली. फोन नाही ठेवला तिने."

बोलण्यासारखं होतं, पण तिने मघाशी माझ्यासाठी पोलिसासमोर उभं राहून जे केलं त्यात कोणाचीही ओळख नव्हती, हे मला दिसत होतं.

रास अल खोर

शनिवारी पहाटेच रास अल खोरच्या घाऊक बाजारात गेलो. सायलीही आली, लहानपणी माझ्याबरोबर मार्केट यार्डात यायची तशी. हा बाजार पाहायलाच हवा. इराणचं कलिंगड, केनियाचे ॲव्होकाडो, ओमानच्या शेवग्याच्या शेंगा, आणि हाका सगळ्या हिंदीत. "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत हातगाड्या अंगावरून जातात. माझे तिथले गिऱ्हाईक दाऊदभाई, मूळ रत्नागिरीकडचे. आमचे संबंध जुने आणि दर भेटीला भांडणाचे.

दाऊदभाईंनी माझी पेटी उघडली, एक डाळिंब फोडलं, दाणे तोंडात टाकले आणि भाव सांगितला. भाव चांगला होता. माझ्या मनातल्यापेक्षाही चांगला. मग त्यांनी आपल्या माणसाला हाक मारून सांगितलं, "दुसऱ्या प्रतीत लाव रे."

मी पेटी बंद केली. "नाही द्यायचा माल."

"अवो शेठ, भाव तर तुमच्या मनासारखा दिलाय!"

"भाव दिलात, नाव काढून घेतलंत. माल पहिल्या प्रतीचा आहे. दोन रुपये कमी द्या, पण पहिल्या प्रतीत लावा."

"साल जराशी डागाळलीय. बघा तरी."

"साल कोण खातो?"

मी उठलो आणि चालू लागलो. हे नाटक नव्हतं. माल परत नेला असता मी. शेवटच्या गाळ्यापाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली, "ओ सांगोला! या परत! पहिल्या प्रतीत लावतो. तुमच्याशी कोण डोकं लावील!" भाव थोडा उतरला. मी खुशीने घेतला.

सायली सगळं बघत होती. "बाबा, जास्त भाव सोडून कमी भाव घेतलात?"

"अगं, एकदा दुसऱ्या प्रतीत माल लागला की पुढच्या वेळी पेटी न उघडता दुसऱ्यात लावतात. भाव आजचा असतो. प्रत चिकटते."

ती नुसती बघत राहिली, ओठ दाबून, हसू आवरत. मला कळायला पाच-सहा पावलं लागली. मग माझे कान तापले.

"ते वेगळं," मी म्हणालो.

"मी कुठे काय म्हणाले?"

दाऊदभाईंनी दुपारी घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोने सुरमईचं कालवण आणि सांदणं केली होती. नारळाच्या रसात भिजलेली, वाफेवरची, जिभेवर विरघळणारी. सायलीने चार खाल्ली. वाढता वाढता भाभींनी तिला विचारलं, "लंडनला हे मिळतं काय गं?" ती म्हणाली, "सांदणं नाही मिळत भाभी, बाकी सगळं मिळतं, भांडणसुद्धा." सगळे हसले. दाऊदभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, "हे रक्तातच हाय." मी खाली मान घालून कालवण जेवलो. चव अजून आठवते, पण त्या जेवणात माझं अर्धं लक्ष नव्हतं. त्रासाबद्दल खेद, अटक योग्य. चांगला भाव, दुसरी प्रत. मी मुलीला नेमकं तेच घे म्हणून सांगत होतो.

ऊद मेथा

सोमवारी संध्याकाळी ऊद मेथाला, भारतीयांच्या एका संस्थेच्या हॉलमध्ये मुलांचा मराठी कार्यक्रम होता. रेवाला कोळीनृत्य होतं. मंगल सकाळपासून "नऊवारी पिनअप नीट झाली पाहिजे" म्हणून घर डोक्यावर घेऊन होती. रेवा नऊवारीत उभी राहून म्हणाली, "मम्मी, आय कान्ट ब्रीद." मंगल म्हणाली, "श्वास नंतर घे. आधी निऱ्या."

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच सायलीचा फोन वाजला. लंडनला तेव्हा दुपार होती. पलीकडे खासदाराच्या कचेरीत लोकांची कामं बघणारी बाई होती. आम्ही दोघं बाहेर अंगणातल्या बाकावर जाऊन बसलो. सायलीने मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

बाई मायेने बोलत होती, पण काही लपवत नव्हती. फेरतपासणीला बरेच महिने लागतील. पोलीस पुन्हा सगळं विचारतील. कदाचित शेवटी उत्तर हेच येईल. खासदार पाठीशी आहेत, पुन्हा प्रश्न विचारतील, पण ते विरोधी बाकावर आहेत. ते विचारू शकतात, करायला लावू शकत नाहीत. आज कचेरी बंद व्हायच्या आत कळवायचं आहे. सायली, तुझी खात्री आहे का?

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला आजवर लाख गोष्टींत सल्ला दिला, कधी मागितला नव्हता तिने. त्या क्षणी मागत होती. मिटव म्हणालो असतो तर तिने मिटवलं असतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्याची मला भीती वाटली.

मी फोनकडे वाकलो. माझं इंग्रजी बाजारातलं. म्हणालो, "मॅडम, आय ॲम फादर. आय टोल्ड हर, टेक इट. आय वॉज राँग. शी शुड नॉट टेक इट. दे मस्ट राइट, अरेस्ट वॉज राँग. नॉट सॉरी-सॉरी. राँग."

मग बाई म्हणाली, "थँक यू, सर. दॅट्स व्हेरी क्लिअर." आणि सायलीला विचारलं, "इज दॅट युवर आन्सर टू?"

"येस," सायली म्हणाली. "इट इज."

अजून निकाल आलेला नाही. कदाचित तेच उत्तर येईल. मी काही भाबडा माणूस नाही. पण मंत्र्याला दुसऱ्यांदा प्रश्न गेलाय आणि या वेळी त्याला आदेश नेमका कोणी, कुठे उभं राहून दिला, हे विचारलंय. उत्तर द्यावं लागेल. तिथे निदान तेवढी सोय आहे, की ज्याच्या हातात काही नाही तो माणूस ज्याच्या हातात सगळं आहे त्याला उभं करून विचारू शकतो.

फोन ठेवल्यावर सायली रडली नाही. तिने एक मोठा श्वास सोडला, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तिच्या आत्याने सांगितलं होतं, उन्हाळ्यापासून तिला नीट झोप नाही. आत ढोलकी सुरू झाली. टाळ्या पडल्या. मंगल दारात येऊन हाताने खुणावू लागली, दादा, लवकर, रेवाचा नाच आहे. मी तिला हातानेच थांब म्हटलं.

नाच संपला, दुसरा सुरू झाला. माझा खांदा अवघडला, हाताला मुंग्या आल्या. सायलीचा श्वास संथ झाला होता. मी हललो नाही.